बिडाचा कठडा आणि ‘शेवटचा’ कारागीर

वाचकाचे पत्र, थोडक्यात: निवृत्त शिक्षिका असलेल्या एका वाचक भगिनींचे वाई तालुक्यात वडिलोपार्जित दुमजली घर आहे. ते त्यांच्या पणजोबांनी 1915 च्या सुमारास बांधले. रस्त्याकडच्या सज्ज्याला मोर आणि वेलबुट्टी असलेल्या लोखंडी जाळीचा कठडा आहे. वडील हयात असेपर्यंत दर दोन-तीन वर्षांनी दिवाळीआधी स्वतः त्याला हिरवा ऑइलपेंट देत. आता त्याच्या 11 पॅनेलांपैकी 3 तडकली आहेत, एक नाहीसे झाले आहे आणि काहींचे पाय दगडात रोवलेल्या जागी गंजून फुगले आहेत. खालच्या खिडक्यांचे गज वाकले आहेत, मुख्य दाराची पितळी कडी तुटली आहे आणि झोपाळ्याच्या पितळी कड्या झिजल्या आहेत. दीड वर्षात त्यांनी सहा फॅब्रिकेटरांना घर दाखवले. ‘असे काम करणारे लोक आता राहिले नाहीत, जुने काढून टाका, हेच डिझाइन सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर) कापून देतो,’ असे बहुतेकांचे उत्तर होते. कोणी तरी त्यांना पुण्याच्या तांबट आळीत जाण्यास सुचवले आहे. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने सगळा कठडा मागितला असून त्या बदल्यात स्टेनलेस स्टीलचा नवा कठडा फुकट बसवून देण्याची तयारी दाखवली आहे. पुण्यात राहणाऱ्या धाकट्या भावाला हा व्यवहार पसंत आहे. ‘घर जसेच्या तसे ठेवीन, असा शब्द मी वडिलांना दिला आहे. असे काम करणारा शेवटचा कारागीर कुठे तरी असेलच. त्याचा पत्ता मला कसा मिळेल?’ असे त्या विचारतात.

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वेळी ‘शेवटचा कारागीर’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढली. तुमची दीड वर्षाची पायपीट या दोन शब्दांमुळे झाली असावी, असे मला वाटते. तुम्ही एका माणसाला शोधत आहात आणि तुमच्या घराचे काम मुळात एका माणसाचे नाही. कठडा, गज आणि कडी या तीन वस्तू तीन वेगळ्या धंद्यांतून तुमच्या घरात आल्या. पणजोबांनी घर बांधले तेव्हाही त्या एका हाताने घडलेल्या नव्हत्या, आणि आज त्या दुरुस्त करणारा हातही एक असणार नाही. फॅब्रिकेटर तुमच्याशी खोटे बोलले, असेही मी म्हणणार नाही. बाजारातली एम. एस.ची (माइल्ड स्टीलची) सळी आणि पट्टी कापायची, वेल्डिंग करायचे आणि ग्राइंडर फिरवायचा, हा त्यांचा धंदा आहे आणि त्या धंद्यात असे काम करणारे लोक खरोखरच नाहीत. दाताच्या दुखण्यासाठी सहा वेळा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्यावर दंतवैद्य उरलेच नाहीत असे म्हणण्यासारखा हा प्रकार आहे.

म्हणून पत्ता शोधण्याआधी धातू ओळखा. तुमच्या वर्णनावरून कठडा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असणार. खात्री करून घेणे अवघड नाही. उरलेल्या दहाही पॅनेलांवरच्या मोराचे पीस न् पीस सारखे आहे का, कडेने साच्याच्या दोन भागांच्या जोडाची बारीक उभार रेघ दिसते का, आणि तडकलेल्या जागी आतला भाग करडा व दाणेदार दिसतो का, हे पाहा. तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर ते बीड. घडीव लोखंडाची तऱ्हा निराळी असते. ते सहसा असे तडकत नाही, वाकते. तुटलेच तर लाकडासारखे तंतू दिसतात आणि जोडांवर रिव्हेट किंवा आवळलेली पट्टी असते. बिडाचा स्वभाव तुम्हाला स्वयंपाकघरातून ठाऊक आहेच. बिडाचा तवा वर्षानुवर्षे चुलीवर टिकतो, पण हातातून फरशीवर पडला की वाकत नाही, फुटतो.

हे एकदा लक्षात घेतले की पुढची शोधाशोध पुष्कळ सोपी होते, कारण बिडाचा कठडा कोणा लोहाराने ऐरणीवर बसून घडवलेला नसतो. आधी लाकडात कोरलेला नमुना तयार होतो. धंद्यात त्याला पॅटर्न म्हणतात. त्याचा ठसा ओलसर वाळूत उमटवायचा, त्यात वितळलेले लोखंड ओतायचे, थंड झाल्यावर वाळू फोडून पॅनेल बाहेर काढायचे, आणि त्याच लाकडावरून पुढचे. तुम्ही ज्या हाताची कला जपू पाहता तो हात बहुधा सुताराचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशी ओतीव जाळी ग्लासगोच्या कारखान्यांतून छापील सूचीपत्रावरून मागवली जाई. मुंबईच्या वॉटसन हॉटेलचा तर सगळा लोखंडी सांगाडाच 1860 च्या दशकात इंग्लंडहून आला. पुढे ही विद्या इकडेही रुजली. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर 1903 मध्ये तयार झाला आणि 1910 मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तुमचा कठडा तिथलाच असेल असे मी सुचवत नाही. मात्र बीड ओतण्याचे काम तुमच्या भागात शंभर वर्षांहून अधिक काळ अखंड चालू आहे, आणि ‘राहिले नाहीत’ असे ज्यांच्याविषयी तुम्हाला सांगितले जाते ते लोक आज पंपाची आणि इंजिनाची अंगे ओतत आहेत.

त्यांची सर्वांत मोठी वस्ती कोल्हापुरात आहे. शिवाजी उद्यमनगर आणि शिरोलीची औद्योगिक वसाहत ही नावे तुम्ही ऐकली असतील. ऑइल इंजिनांच्या धंद्याबरोबर तिथल्या फौंड्र्या वाढल्या. पण तिथे जाऊन थेट फौंड्रीचे दार ठोठावू नका. रोज टनावारी माल ओतणाऱ्या कारखानदाराला तुमच्या एका मोरात रस वाटण्याचे कारण नाही आणि त्याचा नकार ऐकून तुम्ही पुन्हा खचाल. आधी पॅटर्न मेकर गाठा. उद्यमनगरात कोणत्याही छोट्या वर्कशॉपमध्ये ‘लाकडी पॅटर्न कोण करते’ असे विचारलेत तर दोन-चार नावे मिळतात. हा माणूस पॅटर्न तर करीलच, शिवाय कोणती फौंड्री सुटी-किरकोळ कामे घेते आणि कुणाची वाळू बारीक नक्षीला योग्य आहे, हेही त्यालाच ठाऊक असते. इंजिनाच्या अंगापेक्षा जाळीची जाडी फार कमी असते, त्यामुळे लोखंड मोराच्या तुऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच थिजण्याचा धोका असतो. म्हणून पहिले पॅनेल नमुना म्हणून ओतून घ्या आणि ते पाहूनच पुढचे ठरवा.

इथे एक चूक हमखास होते. चांगल्या स्थितीतले जुने पॅनेलच पॅटर्न म्हणून वाळूत दाबायचे आणि त्यावरून नवे ओतायचे, हा मार्ग स्वस्त वाटतो. परंतु ओतलेले लोखंड थंड होताना आक्रसते, फुटाला साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन फुटांचे पॅनेल असेल तर नवे तीन सुतांनी आखूड येते आणि ओळीत बसवल्यावर दोन्ही बाजूंना फट राहते. मूळ पॅटर्न कोरणाऱ्याने ही घट धरून तो तेवढा मोठा केलेला असतो आणि नव्या पॅटर्नमध्येही ती धरावीच लागते. शिवाय तुमच्या जुन्या पॅनेलवर वडिलांच्या हातचे रंगाचे थर आहेत. त्यावरून ठसा घेतला तर मोराच्या पिसांऐवजी रंगाच्या थराचाच ठसा उमटेल, म्हणून नमुन्याचे पॅनेल आधी पूर्ण साफ झाले पाहिजे. गंमत अशी की फॅब्रिकेटर ज्या सीएनसी तंत्राचे नाव घेत होते त्याचा खरा उपयोग इथे आहे. जुने पॅनेल स्कॅन करून, घटीइतके वाढवून, लाकूड कोरणाऱ्या सीएनसी यंत्रावर पॅटर्न कोरून घेता येतो. फॅब्रिकेटरचे यंत्र सपाट पत्रा कापून तुम्हाला फक्त मोराची सावली देईल, कारण ओतीव मोराला जो उठाव असतो तो पत्र्यात येत नाही.

खर्चाचा मोठा वाटा पॅटर्नचा असतो. एकदा तो तयार झाला की पुढचे प्रत्येक पॅनेल वजनावर पडते. म्हणून एक ओतायचे असेल तर तीन ओतून घ्या, दोन माळ्यावर ठेवा आणि पॅटर्न फौंड्रीत न सोडता घरी आणा. तो तुमच्या पैशाने झालेला आहे आणि तुमच्या नातवंडांच्या उपयोगी पडेल.

आता तडकलेल्या तीन पॅनेलांकडे वळू. तडकले म्हणजे बदलायलाच हवे, हे तुम्ही पत्रात गृहीत धरले आहे. मला ते पटत नाही. बारीक तडा असलेल्या पॅनेलला मागच्या बाजूने पट्टीचा आधार देऊन, भोके पाडून स्क्रूने आवळले तर ते आणखी कित्येक वर्षे उभे राहते, आणि रस्त्यावरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. जोड भरायचाच असेल तर पितळी सळी वितळवून तो भरता येतो, त्याला ब्रेझिंग म्हणतात, किंवा पॅनेल सावकाश तापवून निकेलच्या रॉडने वेल्डिंग करून तितक्याच सावकाश थंड करता येते. कोल्हापुरात आणि भोसरीत यंत्रांची बिडाची अंगे दुरुस्त करणारे वेल्डर हे काम रोज करतात. नेहमीच्या रॉडने थंड बिडावर केलेले वेल्डिंग मात्र नको. पहिल्या दिवशी ते सुबक दिसते आणि पुढे जोडाच्या शेजारी नवा तडा जातो. हे काम घेणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: ‘आधी तापवणार का, आणि थंड कसे करणार?’ उत्तर देताना तो अडखळला तर चहा पाजून निरोप द्या.

मला तुमच्या कठड्याच्या तड्यांपेक्षा पायांची काळजी अधिक वाटते. त्या काळी कठड्याचे पाय दगडातल्या खोबणीत ठेवून त्यात वितळलेले शिसे ओतत असत. शिशाभोवती पाणी मुरू लागले की आतले लोखंड गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा मागतो. तुम्ही लिहिलेले ‘फुगणे’ ते हेच. हा दाब इतका असतो की काही वर्षांत दगडाची कड उडते. त्यामुळे पॅनेल कितीही सुंदर केले आणि पाय तसेच ठेवले तर आधी दगड जाईल आणि मग कठडा. फुगलेला भाग कापून तिथे स्टेनलेस स्टीलचा तुकडा जोडणे, खोबण साफ करणे आणि वर पाणी साचू नये असा उतार काढणे, हे काम गवंडी आणि फिटर यांनी मिळून करायचे आहे. ते कोणाला दिसणार नाही आणि तुमच्या एकूण खर्चात सर्वांत सार्थकी लागेल. ज्या पॅनेलांचे पाय शाबूत आहेत ती काढूच नका. शिशात रुतलेले बीड उपटताना फुटते, आणि दुरुस्तीच्या नावाखाली तीनची सात तडकलेली पॅनेले व्हायला वेळ लागत नाही.

जुना रंग काढण्याबाबत मी जरा अधिक बोलणार आहे, कारण जुनी कामे कारागिराअभावी जितकी बिघडतात त्याहून अधिक सफाईने बिघडतात. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भागांच्या) आत ठेवण्याचा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसे आहे असेच धरून चालावे. त्यातही जुने रंगारी लोखंडाला पहिला हात शेंदराचा देत, आणि शेंदूर म्हणजे शिशाचेच भस्म. रंग खरवडताना सर्वांत खाली नारिंगी थर लागला तर तो बहुधा तोच. त्यामुळे कोरडे घासणे आणि ग्राइंडरची धूळ उडवणे कटाक्षाने टाळा. रंग काढण्याचा लेप लावून, मऊ झाल्यावर ओले ठेवूनच खरवडा, खाली जाड प्लॅस्टिक अंथरा, मुलांना त्या दिवसांत घरात येऊ देऊ नका आणि खरवडलेला रंग अंगणातल्या तुळशीत किंवा परसात टाकू नका. सँडब्लास्टिंगचा सल्ला तुम्हाला कोणी तरी नक्की देईल. बीड कमी दाबाचा मारा सोसते, पण शेजारचा दगड आणि सागवान सोसत नाही, आणि उघड्यावर वाळूचा मारा केला तर तिची धूळ कामगाराच्या फुप्फुसात जाते.

ॲसिडचा अनुभव माझा स्वतःचा आहे. आमच्या जुन्या घराचे नक्षीदार फाटक मी एका वर्कशॉपला साफ करायला दिले. त्यांनी ते ॲसिडच्या टाकीत बुडवून लख्ख करून आणले आणि मी खूश होऊन त्यांना ठरल्यापेक्षा जास्त पैसे दिले. पहिल्याच पावसात प्रत्येक जोडातून तांबडे ओघळ आले, कारण जोडांत शिरलेले ॲसिड धुऊन निघालेच नव्हते. गॅल्व्हनायझिंगही, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवणेही, जुन्या बिडाला नको. जस्ताची टाकी साधारण 450 अंशांवर असते. त्या धक्क्याने बीड तडकू शकते, आणि कुठे शिसे असेल तर ते 327 अंशांनाच वितळते.

साफ झालेले लोखंड त्याच दिवशी प्रायमरखाली गेले पाहिजे. झिंक फॉस्फेटचा प्रायमर दोन हात, त्यावर चांगला ऑइलपेंट दोन हात, आणि जोडांच्या फटी रंगाआधी भरून घेणे, एवढे पुरते. पावडर कोटिंग सुबक दिसते, परंतु एकदा टवका उडाला की त्याच्याखाली गंज लपून पसरतो आणि घरच्या घरी डागडुजी करता येत नाही. ऑइलपेंटच्या बाबतीत तुमचे वडील जे करीत होते ते धंद्याच्या दृष्टीनेही बरोबर होते. तुमच्याकडे महाबळेश्वराच्या कुशीतला पाऊस आहे, त्यामुळे हे काम दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीच्या आत संपवा.

गजांचे काम त्या मानाने साधे आहे. त्या काळच्या खिडक्यांत आडव्या पट्टीला भोके पाडून त्यांतून उभे गज ओवलेले असत आणि हे बहुधा घडीव लोखंड असते. वाकलेला गज तापवून सरळ करणे आणि झिजलेल्या जागी तुकडा जोडणे कोणत्याही जुन्या लोहाराला जमते. सुगी संपल्यावर गावाबाहेर पाल ठोकणाऱ्या घिसाड्यांना बोलावून बघा. विळे-खुरपी करणाऱ्या त्या भात्यासमोर तुमच्या गजांची दुरुस्ती एका आठवड्यात होईल. त्यांना बिडाचा कठडा मात्र दाखवू नका. ऐरणीवर त्याचे तुकडे होतील.

पितळेसाठी तांबट आळीचे नाव सुचवणाऱ्याने अर्धेच सांगितले. पुण्याच्या कसबा पेठेतले तांबट तांब्या-पितळेचा पत्रा ठोकून भांडी घडवतात आणि त्यांचे मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोकून उमटवलेली नक्षी, नावाजलेले आहे, परंतु तुमची कडी ठोकलेली नाही, ओतलेली आहे. तिला ओतारी लागतो. तो शोधायला गावातल्या किंवा जवळच्या मोठ्या देवस्थानाच्या कचेरीत जा आणि समई, घंटा व पितळी मूर्ती ते कोणाकडून दुरुस्त करून घेतात, ते विचारा. तिथून मिळालेले नाव जाहिरातीतल्या दहा नावांहून खात्रीचे असते. तुटलेला तुकडा सांभाळून ठेवला असेल तर तोच जोडून घ्या. झोपाळ्याच्या कड्यांच्या बाबतीत माझे मत कडक आहे. कडी एकमेकीत अडकते तिथे ती निम्मी झिजली असेल तर त्या साखळीवर माणसे बसवू नका. वजन आतून स्टीलच्या साखळीने किंवा दोराने पेलवा आणि जुन्या कड्या शोभेपुरत्या राहू द्या.

ही सगळी माणसे एकत्र कोण आणणार, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल, आणि इथे मी पैसे खर्च करायला सांगतो. जुन्या वास्तूंचे जतन हा विषय शिकलेला एक वास्तुविशारद एका दिवसासाठी बोलवा. पूर्ण प्रकल्प त्याच्याकडे सोपवणे परवडणार नसेल तर फक्त पाहणी आणि लेखी टिपण घ्या: कोणते पॅनेल काढायचे, कोणते नाही, कोणता पाय कसा कापायचा. 1984 मध्ये स्थापन झालेल्या ‘इन्टॅक’ या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मुंबई आणि पुणे शाखांकडे अशी नावे मिळतात. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे जे जतनकाम पुढे युनेस्कोच्या 2005 च्या पुरस्काराला पात्र ठरले त्यातही ‘इन्टॅक’चा सहभाग होता. ते संग्रहालय एकदा पाहून या. आतले ओतीव खांब आणि कठडे पाहिले की नीट साफ करून रंगवलेले बीड कसे दिसते, याचा अंदाज येईल आणि कारागिराशी बोलताना तुमच्या डोळ्यांपुढे काही तरी असेल.

कारागीर निवडताना त्याचे नुकतेच संपलेले काम पाहू नका, ते सगळ्यांचेच छान असते. चार-पाच पावसाळे खाल्लेले काम दाखवायला सांगा. सुरुवातीला एकच पॅनेल द्या. काम हलवण्याआधी प्रत्येक पॅनेलला तारेने पत्र्याचा क्रमांक बांधा, पुढून-मागून छायाचित्रे काढा, आणि किती नग गेले, काय करायचे, काय करायचे नाही, हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. ‘काय करायचे नाही’ ही ओळ लोक विसरतात. तुमच्या कागदावर तिथे ॲसिड, ग्राइंडर आणि नेहमीचा वेल्डिंग रॉड ही तीन नावे असली पाहिजेत.

राहिला तुमच्या भावाचा प्रश्न. पत्रात तो थोडा खलनायकासारखा आला आहे आणि मला ते अन्यायाचे वाटते. खर्च कोण करणार आणि पाच वर्षांनी पुन्हा रंग कोण देणार, हे त्याचे प्रश्न खरे आहेत, आणि तुम्ही त्याला आजवर एकही आकडा दाखवलेला नाही. पॅटर्न, ओतकाम, पाय आणि रंग यांचे वेगवेगळे अंदाज घेऊन त्याच्यासमोर ठेवा. सगळा कठडा नव्याने करण्याचा जो खर्च त्याच्या डोक्यात असेल त्याच्याशी या आकड्यांची तुलना होऊ द्या, कारण तुम्हाला नवे पॅनेल एकच लागणार आहे. व्यापाऱ्याविषयी मात्र तुम्ही सावध राहिलात ते योग्यच केलेत. फुकट स्टीलचा कठडा देऊनही ज्याला नफा उरतो, त्याला तुमच्या जुन्या लोखंडाची किंमत तुमच्यापेक्षा नक्कीच अधिक ठाऊक आहे. घर सामाईक असेल तर सर्व वारसांच्या लेखी संमतीशिवाय असा व्यवहार करूही नये.

वडिलांना दिलेल्या शब्दाविषयी मी भीत भीत लिहितो. ‘जसेच्या तसे’ याचा अर्थ तुम्ही फार कडक लावला आहे का? ज्या माणसाने दर दोन-तीन वर्षांनी कठड्याला हिरवा रंग दिला त्याने तो पणजोबांच्या वेळचा ठेवला नव्हताच. मागून लावलेली एक पट्टी किंवा पायातला स्टीलचा तुकडा यांनी तुमचा शब्द मोडत नाही. हेच मी उंचीबद्दलही म्हणेन. जुने कठडे पुष्कळदा कमरेच्याही खाली असतात, आणि आजच्या बांधकाम नियमांत सज्ज्याच्या कठड्याची उंची एक मीटर किंवा त्याहून थोडी अधिक धरतात. सुट्टीत घरात लहान मुले येत असतील तर कठड्याच्या आतल्या बाजूने, त्याला कुठेही न जोडता, एक साधा बारीक नळीचा आडवा दांडा त्या उंचीवर बसवून घ्या. तो वेगळा आहे हे दिसले तरी चालेल.

नाहीशा झालेल्या पॅनेलसाठी पॅटर्नचे पैसे देण्याआधी एक दिवस घरच धुंडाळा. अशी पॅनेले पाण्याचा पाइप किंवा कपडे वाळवण्याची दोरी नेण्यासाठी कोणी तरी काढतो आणि ती गोठ्याच्या खिडकीला, विहिरीच्या तोंडावर किंवा न्हाणीच्या मोरीवर जाऊन बसतात. ते सापडले नाही, तर चांगल्यातल्या चांगल्या पॅनेलची छायाचित्रे मला पाठवा आणि त्यात मागच्या बाजूचेही एक असू द्या. ओतणाऱ्याचे नाव किंवा सूचीतला क्रमांक असलाच तर बहुधा तिथेच असेल. ग्लासगोच्या काही जुन्या कारखान्यांची सूचीपत्रे आज इंटरनेटवर पाहता येतात, आणि त्यात तुमचा मोर मापांसह सापडला तर पॅटर्न मेकरचे निम्मे काम तिथेच होईल.